आठशे तासांचा हिशेब

चार तास म्हणजे किती तास? प्रश्न खुळचट वाटेल, पण त्याचं उत्तर वर्गात एक येतं आणि वर्गाबाहेर दुसरंच. तीस पोरं बसली आहेत, सर फळ्यापाशी उभे आहेत, चार तास शिकवणं झालं. सरांचे गेले चार तास. पोरांच्या पदरात पडले तीस गुणिले चार, म्हणजे १२०. आता शाळेला कुलूप घाला आणि त्याच सरांना घरोघर पाठवा. एका घरी वीस मिनिटं. तासाला तीन घरं, चार तासांत बारा. (वाटेतली पायपीट आणि दारोदारचा चहाचा आग्रह यात धरलेलाच नाही.) बारा पोरांना वीस-वीस मिनिटं, म्हणजे सगळं मिळून चार तास. सर तेच, घसा तोच, घाम उलट जास्त. आणि १२० चे उरले चार.

शाळा हे मुळात गुणाकाराचं यंत्र आहे. एका माणसाचा एक तास आत घालायचा, पलीकडून तीस तास काढून घ्यायचे. मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनाच्या साथीनं महाराष्ट्रात हे यंत्र थांबलं. त्यानंतर अ‍ॅप आली, लिंका आल्या, टीव्हीवर तास लागले, पारावर चार-चार पोरं बसली. नावं वेगवेगळी, खटाटोप एकच: मोडलेला गुणाकार कशानं तरी जुळवायचा. कशानं किती जुळला, ते एका जिल्ह्याच्या मापानं बघण्यासारखं आहे. जिल्हा धाराशिव; त्या वेळी कागदोपत्री उस्मानाबाद.

माप म्हणून कायद्यातलाच आकडा घेऊ. शिक्षणहक्क कायदा २००९ सांगतो की पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. ८०० भागिले २००, दिवसाचे चार तास. वरचे चार तास आले ते इथून.

धाराशिव जिल्हा ७,५६९ चौरस किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या गोव्याच्या दुपटीहून थोडा मोठा. आठ तालुके: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. २०११ च्या जनगणनेत माणसं १६,५७,५७६. यातली फक्त एक हजार पोरं घ्या. उमरग्याच्या आसपासची सात-आठ गावं धरली तरी तेवढी निघतील. हजार पोरं गुणिले ८०० तास, आठ लाख तास. दिवसाचे चोवीस तास धरून त्याची वर्षं केली तर ९१ होतात. सात-आठ गावांच्या शाळा एक वर्ष बंद, तर एक अख्खा जन्म, बाळंतिणीच्या खोलीपासून काठी टेकत चालण्यापर्यंतचा, खर्ची पडला.

इथून वर चढत गेलं की डोकं गरगरायला लागतं. युनिसेफच्या हिशेबानं भारतात १५ लाख शाळा बंद झाल्या आणि २४ कोटी ७० लाख मुलांवर त्याचा परिणाम झाला. त्यांचे वर्षाचे ८०० तास धरले तर होतात सव्वादोन कोटी वर्षं. जगाचा आकडा युनेस्कोचा: एप्रिल २०२० मध्ये एका वेळी सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळा-कॉलेजाबाहेर होते. त्या सगळ्यांचं एकेक वर्ष गेलं असं समजलं (सगळ्यांचं गेलं नाही, पण समजू) तर तास होतात १ लाख २८ हजार कोटी. वर्षं १४ कोटी ६० लाख. धाराशिवच्या पायाखाली जो काळा कातळ आहे, ज्यातून नळदुर्ग आणि परंड्याच्या किल्ल्यांचे चिरे निघाले, तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्या कातळाच्या, म्हणजे बालाघाटाच्या डोंगराच्या, वयाच्या दुपटीहून जास्त काळ जगातल्या पोरांच्या एका वर्षात मावला होता.

अशा आकड्यांची एक खोड असते. वाचताना तोंडाचा आ होतो आणि पान उलटलं की विसरायला होतं. तेव्हा डोंगर उतरून खाली येऊ, रोजगार हमीच्या हजेरीपटावर.

२०२०-२१ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २३८ रुपये. साधा, चालेल असा स्मार्टफोन सात हजारांचा धरा. २३८ नं भागलं की येतात साडेएकोणतीस दिवस. महिनाभर खड्डे खणायचे, त्यातला एक रुपयाही मिठा-पिठाला लावायचा नाही, तेव्हा एक फोन. केंद्राच्या तेव्हाच्या कायद्यात कामाची हमी वर्षाला १०० दिवसांची, म्हणजे २३,८०० रुपयांची. त्यातले तीस टक्के एका फोनला गेले. घरात दुसरीतली एक, पाचवीतला एक आणि आठवीतली एक असली आणि तिघांचे तास एकाच वेळी लागले तर? तीन फोन, २१,०००. वर्षाची सगळी हमी संपली, वर २,८०० उरले.

फोन घेतला म्हणून भागत नाही. त्या काळात दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज १९९ रुपयांना मिळत असे, म्हणजे जवळपास एक रोज. व्हिडिओवरच्या वर्गाला तासाला अर्धा जीबी धरला तर दीड जीबीत तीन तास बसतात, आणि कायद्याला हवेत चार. शेवटचा तास गोल गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघण्यात जाणार. तेही एकाच पोराचं. दोन पोरं असली की प्रत्येकी दीड तास, आणि बापाला सोयाबीनचा भाव बघायचा झाला तर त्यातूनच.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर या जिल्ह्यात असा पाऊस कोसळला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, काही ठिकाणी शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. लोहारा तालुक्यातल्या सास्तुरापासून तुळजापूरच्या काटगाव-अपसिंग्यापर्यंत पुढाऱ्यांचे दौरे झाले. बांधावरचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण दिवाळीत सोयाबीनच्या पट्टीवर ज्यांनी फोनचा बेत केला होता, त्यांच्या पोरांची शाळा त्या दिवशी दुसऱ्यांदा बंद झाली. ही बंदी कुठल्याच आदेशात नोंदलेली नाही.

फोन किती घरांत होते याचा अंदाज ‘असर’ या पाहणीवरून येतो. ग्रामीण भारतात २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या १०० घरांपैकी ३६.५ घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. शासनाची कुठलीही योजना एवढ्या वेगानं खेड्यात पोचल्याचं आठवत नाही. माणसांनी शेळ्या विकून, उसनं काढून फोन घेतले. पण ह्याच पाहणीत पुढचा आकडा आहे: घरात फोन असूनही २६.१ टक्के मुलांच्या हाताला तो लागत नव्हता. बाप कामाला निघाला की फोन त्याच्या खिशातून निघाला. आता ६७.६ मधून त्यांचेच २६.१ टक्के वजा करून बघा. ५० उरतात. बरोबर अर्धे. त्या अर्ध्यांतही बहुतेकांना तो कधीमधी मिळणार, रात्री जेवणं झाल्यावर, चार्जिंग उरलं असेल तर.

म्हणजे तीस पोरांच्या वर्गातली पंधरा फोनच्या पल्ल्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुमारे १,४०० वंचित घरांतल्या मुलांशी बोलून अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी जी पाहणी केली, तिच्यात खेड्यातली नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली ८ टक्के. अजिबात शिकत नसलेली ३७ टक्के. तीसच्या वर्गात आठ टक्के म्हणजे अडीच पोरं. ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द आपण दीड वर्ष रोज वापरला, तो या अडीच पोरांसाठी.

फोन नाही तर टीव्ही, असा विचार झाला आणि तो वाईट नव्हता. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं एप्रिल २०२० मध्येच ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायला सुरुवात केली होती. त्यानंतर २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका, पहिली ते आठवीसाठी, आठवड्याचे सहा दिवस, २६ सप्टेंबरपर्यंत. प्रत्येक इयत्तेला ६० भाग, आठ इयत्ता, एकूण ४८०. टीव्हीचा गुणाकार तर वर्गालाही लाजवणारा: एक भाग एकदा तयार केला की पोरं तीस असोत की तीस लाख, खर्च तेवढाच. काम मनापासून केलेलं होतं. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन शिकवणारं होतं. पण आपलं माप लावू. पहिलीच्या पोराच्या वाट्याला ६० भाग, प्रत्येकी अर्धा तास धरू. झाले ३० तास. ८०० पैकी ३०. एकही भाग न चुकवता, वीज एकदाही न जाता. शिवाय टीव्हीला ‘बाई, पुन्हा सांगा ना’ म्हणता येत नाही, आणि पहिलीचं निम्मं शिक्षण त्या एका वाक्यावर चालतं.

याच सुमारास शेजारच्या जिल्ह्यात एक मोठा आकडा उजाडला. परंडा तालुक्याची हद्द संपते तिथून पुढे सोलापूर जिल्ह्यातला माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं. १४० वर देशांतून आलेली १२ हजारांवर नामांकनं, बक्षीस दहा लाख डॉलर, आपले सात कोटींच्या वर. त्यातले अर्धे त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. बक्षीस मुख्यतः पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी: धड्याशेजारी छापलेला चौकोन, फोन धरला की कविता ऐकू येते, गणित सोडवून दिसतं. कोड आधीपासून पुस्तकांवर छापलेले होते, म्हणून टाळेबंदी आली तेव्हा महाराष्ट्राला सगळंच पहिल्यापासून उभारावं लागलं नाही. एका वाडीतल्या वर्गातली युक्ती राज्याच्या पुस्तकांत गेली, ती खरी कमाल. फक्त चौकोनासमोर धरायला फोन लागतो, आणि फोनचा भागाकार आपण वर केलाच आहे.

म्हणून मला त्या काळातली सगळ्यात हुशार युक्ती वाटते ती बिनरेंजची. सोलापुरात नीलमनगर भागात विडी आणि कापड कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुळाक्षरं, पाढे, व्याकरण, सूत्रं. सुमारे तीनशे भिंती. भिंतीला रिचार्ज नको, चार्जर नको. ती चोवीस तास उघडी, आणि बाप कामावर जाताना ती खिशात घालून नेत नाही. येता-जाता पोर थांबतं, वाचतं, पुढे जातं. अंतर आपोआप राखलं जातं. थोडक्या रंगात एक भिंत गल्लीतल्या पन्नास पोरांना वर्षभर पुरते. गुणाकार परत आला, तोही फोनशिवाय.

धाराशिवच्या खेड्यापाड्यांत बहुतेक सरांनी आणि मॅडमनी जे केलं त्याला असं नावही नाही. मारुतीच्या पारावर, समाजमंदिरात, कुणाच्या ओसरीवर चार-पाच पोरं लांब लांब बसवायची, तासभर शिकवायचं, पुढच्या आळीत जायचं. हिशेब करून बघा: पाचांचा एक गट, चार तासांत चार गट, पोरांच्या पदरात वीस तास. घरोघर फिरण्याच्या पाचपट. वर्गातल्या १२० च्या एकषष्ठांश, पण शून्यापेक्षा कितीतरी जास्त. आठवीतली ताई दुसरीतल्यांचा गट घ्यायला लागली की आणखी थोडे. आणि हे काम त्या माणसांनी केलं ज्यांना त्याच महिन्यांत नाक्यावरच्या नोंदी, रेशन दुकानावरची गर्दी आणि सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं घरोघर सर्वेक्षण होतंच. ऑक्सिमीटर एका हातात, पोरांची वही दुसऱ्या हातात. ‘शिक्षकांना फुकटचा पगार’ असं त्या दिवसांत कट्ट्यावर सर्रास ऐकू यायचं. बोलणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नव्हता.

तांड्यावर तर आकडे आणखी बारीक होतात. घरी बंजारा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. पहिलीचं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला आधी भाषेची पायरी चढायची असते. वर्गात ही पायरी सर हात धरून चढवतात. फोनवरून हात धरता येत नाही. उमरगा तालुक्यातल्या कडदोऱ्याच्या जगदंबानगर तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचे उमेश खोसे यांनी मुलांच्या बोलीतून शिकवण्यावर आणि शैक्षणिक अ‍ॅप तयार करण्यावर काम केलं. ५ सप्टेंबर २०२१ ला देशातल्या ४४ शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यात महाराष्ट्रातले दोन, त्यांतले एक खोसे. समारंभ अर्थातच पडद्यावर झाला. तोवर तांड्यावरच्या पहिलीच्या वर्गाला शासनाची परवानगी नव्हती.

या सगळ्यात एका गटासाठी मात्र ‘शाळा बंद’ ही बातमीच नव्हती. भूम, परंडा, वाशी, कळंबकडची ऊसतोडीची कोयत्याची जोडपी दिवाळीच्या पुढेमागे साखर कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बरोबर पोरं. पाच महिने म्हणजे २०० पैकी निम्मे दिवस, ४०० तास, दरवर्षी, साथ असो नसो. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यातल्या ३८ कारखान्यांवर १ लाख ३१ हजारांवर ऊसतोड मजूर अडकून होते. त्यांना घरी जाण्याची मुभा मिळाली १७ एप्रिल २०२० ला. उसाच्या फडातून थेट बंद शाळेच्या गावात. सगळ्या देशानं दीड-दोन वर्षं जे सोसलं, ते ही पोरं पिढ्यान्‌पिढ्या अर्धं वर्ष सोसतात, आणि त्याला कुणी ‘लर्निंग लॉस’ असं इंग्रजी नाव दिलेलं नाही.

या जिल्ह्याला शाळा कोसळण्याचा अनुभव नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबादची ५२ गावं भुईसपाट झाली, सरकारी आकड्यानं ७,९२८ माणसं गेली. तेव्हा भिंती पडल्या, छप्परं पडली, पण पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शेजारी-शेजारी बसवता येत होतं, म्हणजे गुणाकार शाबूत होता. २०२० मध्ये उलटं झालं. इमारती शाबूत, घंटा जागेवर, पोषण आहाराची पातेली घासूनपुसून ठेवलेली. फक्त शेजारी-शेजारी बसायला बंदी.

परीक्षेचे आकडे मात्र वेगळंच सांगत होते. दहावीचा राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के, २०२० मध्ये ९५.३० आणि शाळा वर्षातला बराच काळ बंद राहिल्यावर, परीक्षाच रद्द झाल्यावर, २०२१ मध्ये ९९.९५. यामागे गुणांचे बदललेले नियम आहेत, हे कबूल. तरीही १६ जुलै २०२१ ला निकालाचं संकेतस्थळ गर्दीनं बंद पडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना: शाळा जिच्या भरवशावर टाकली होती, ती यंत्रणा निकालाच्या दिवशी गैरहजर.

त्याच महिन्यात सेतू अभ्यासक्रम सुरू होता, १ जुलैपासून ४५ दिवसांचा. मागच्या अख्ख्या वर्षाची भरपाई ४५ दिवसांत, म्हणजे आठ दिवसांचं राहिलेलं एका दिवसात, आणि तेही बहुतेक ठिकाणी फोनवरूनच. ज्या दोरीनं पाणी निघालं नाही, तीच दोरी पुन्हा विहिरीत सोडली. पोहरा कितपत भरला, ते पुढच्या पाहण्यांत दिसतं. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांना तपासलं; त्यांत उमरग्याला लागून असलेलं कर्नाटकही होतं. ९२ टक्के मुलं आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती, गणितातलं ८२ टक्के. शिकवलं गेलं नाही ते वेगळंच. हे शिकवलेलं परत गेलेलं. आणि २०२२ च्या ‘असर’मध्ये देशात तिसरीतली, दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं निघाली २०.५ टक्के, २०१८ मध्ये ती २७.३ होती.

तीस पोरांच्या वर्गात ही घसरण आठांवरून सहांवर येते. दोन पोरं. आठांवरही समाधान मानावं असं काही नव्हतं. बावीस जणांना साथीच्या आधीही तो उतारा वाचता येत नव्हता, आणि त्यांच्यासाठी कुठलं कृती दल बसल्याचं ऐकिवात नाही.

महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ च्या शेवटी; दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे ४ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाले. सगळ्यात लहानांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला: पहिली ते चौथीला परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ पासून. मार्च २०२० पासून मोजले तर सुमारे सव्वासहाशे दिवस. जून २०२० मध्ये ज्यांनी पहिलीत नाव घातलं, ती पोरं, निदान कागदावर, वर्गात पहिल्यांदा बसली ती थेट दुसरीत. पहिलीचा वर्ग त्यांनी पाहिलाच नाही. महिनाभरात तिसऱ्या लाटेनं शाळा पुन्हा बंद केल्या, त्या २४ जानेवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं उघडल्या.

तुमच्या गावात, वाडीत, नात्यात त्या साली पहिलीत नाव घातलेलं एखादं पोर नक्की असेल. त्याला एकदा समोर बसवून एखादी गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगा. ही मुलं २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील.